एकाच कारणाची जाहिरात

धाराशिव जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्यात युनानी वैद्यकाला सरकारी आश्रय होता. त्यामुळे या मुलखात हकीम आणि वैद्य शेजारी शेजारी नांदले. पुरुषाच्या लिंगाला ताठरता न येणे या तक्रारीबद्दल दोघांचेही ग्रंथ एका कारणावर थांबत नाहीत. सुश्रुताने क्लैब्याचे, म्हणजे नपुंसकत्वाचे, सहा प्रकार सांगितले, त्यांतला पहिलाच मानसिक आहे. मन नाराज असले की शरीर साथ देत नाही, हे त्याने आधी नोंदवले आणि मग आहार, अतिसंभोग, इंद्रियाचा आजार वा इजा, जन्मजात दोष यांकडे वळला. चरकाने शुक्रक्षयाच्या कारणांत चिंता, शोक, क्रोध आणि भय मोजले. हकीम हृदय, मेंदू आणि यकृत अशक्त झाले आहेत का, हे पाहत. मन आणि शरीर यांची फारकत या परंपरांनी केली नव्हती. ती पुढे बाजाराने केली, असे माझे म्हणणे आहे.

विसाव्या शतकात छापील जाहिरात आली आणि एवढ्या कारणांतून एकच उरले: तरुणपणी वाया गेलेला धातू, म्हणजे वीर्य. यावर कोणी म्हणेल की धातूची भीती ग्रंथांतच होती, जाहिरातदाराने ती जन्माला घातली नाही. हे खरे आहे. पण ग्रंथात ती अनेक कारणांपैकी एक होती आणि रोग्याला तपासून ठरवायची होती. जाहिरातीत तपासणीच नव्हती, होता तो अपराध आणि त्यावरची बाटली. या भीतीवर शास्त्रीय उत्तर देणारेही होते. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिली. त्याबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाजू मांडूनही १९३४ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने कर्व्यांना २०० रुपये दंड केला. पौरुष विकणाऱ्या जाहिरातींना आवर घालणारा केंद्रीय कायदा मात्र १९५४ पर्यंत वाट पाहत राहिला. तो आला तरी ‘गुप्तरोग’ रंगवलेल्या भिंती राहिल्याच, कारण कायद्याने फार तर जाहिरात बंद केली असती. माणसाने विचारायचे कुणाला, याचे उत्तर त्यात नव्हते.

आधुनिक वैद्यकही एका टोकाकडून दुसऱ्याकडे गेले. १९७० च्या सुमारास बहुतेक दोष मनाचा मानला जाई. १९९८ मध्ये ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिल या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि सगळे रक्तवाहिन्यांवर आले. रक्तवाहिन्यांचा मुद्दा खोटा नाही. लिंगातल्या धमन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चारच्या. म्हणून मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखूने वाहिन्या खराब होऊ लागल्या की पहिली तक्रार इथे उमटते आणि हृदयविकार काही वर्षांनी दिसतो. नैराश्यावरची व रक्तदाबाची काही औषधेही ताठरता घालवतात. मग मन गौण ठरते का? नाही. पहाटे आपोआप ताठरता येते का, हा साधा प्रश्न डॉक्टर विचारतात. येत असेल तर नसा आणि रक्तपुरवठा बहुधा शाबूत आहेत, अडले आहे ते मनात. मात्र शरीराच्या कारणाने दोनदा अपयश आले की तिसऱ्या वेळी भीती आधीच हजर असते, आणि मग दोन्ही कारणे एकमेकांना पोसतात.

मनाचे कारण इथे दूरचे नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ मध्ये राज्य सरकारने ‘बळीराजा चेतना अभियान’ सुरू केले, ते यवतमाळ आणि याच धाराशिव जिल्ह्यात. ज्या घरात कर्ज आणि नापिकी झोप उडवते, तिथे चरकाची चिंता आणि भय ही कारणे पुस्तकी उरत नाहीत. गरीब रुग्णाला एवढा विचार परवडत नाही, गोळी दिली की भागते, हा आक्षेप मला पटत नाही. रक्तातली साखर आणि रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासता येतात. आणि न तपासता दिलेली गोळी स्वस्त पडतेच असे नाही: छातीत दुखते म्हणून नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने दुकानातून परस्पर सिल्डेनाफिल आणले, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.