पोतं आलं आणि उकिरडा मागं पडला



परवा खोडव्याच्या रानातलं ढेकूळ हातात घेतलं. दगडासारखं घट्ट. याच रानातलं ढेकूळ आमचे वडील चिमटीत फोडायचे. हे कसं झालं, त्याचा हिशोब मांडतोय.

आमच्या लहानपणी कोडोलीत घरटी उकिरडा होता. उन्हाळ्यात गाड्या भरून शेणखत रानात जायचं, धनगर मेंढरं बसवायचे. त्याआधीच्या पिढीत ऊस थोडा, तोही गुऱ्हाळापुरता. शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरी वसवली, गूळ तिकडं जायचा.

१९६५ साली ट्रॉम्बेचा खत कारखाना सुरू झाला, पुढं पोती गावोगाव आली. उसाला काळोखी चढली, सगळे खूश. पण गुळव्या कुरकुरायचा: युरिया जास्त पडला की गूळ मऊ राहतोय, काळा पडतोय, टिकत नाही. नत्र जादा झालं की रसाची प्रत घसरतेच. म्हणजे पहिली तक्रार जमिनीनं नाही, काहिलीनं केली. आम्ही ऐकली नाही.

तोवर तात्यासाहेब कोरे यांनी वारणा कारखाना उभा केलेला. गावाचं भलं झालं, हे मान्यच. ऊस टनावर जायला लागला आणि आमची नजर टनावर बसली. ट्रॅक्टर आला, बैल गेले, बैलाबरोबर शेण गेलं. पाचटाला आम्हीच काडी लावली.

एप्रिल २०१० पासून स्फुरद-पालाशाला ठरावीक अनुदान आलं, त्यांचे दर वाढले. युरियाचा दर सरकारनं बांधूनच ठेवला. स्वस्त तेच जास्त पडलं.

आता शिफारस बघा. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद, १७० पालाश. नत्र सगळं युरियातून दिलं तर एकरी ४५ किलोची पावणेआठ पोती होतात. पण त्याच शिफारशीत हेक्टरी ३० टन शेणखतही आहे, म्हणजे एकरी १२ टन. आम्ही पहिली ओळ पाळली, दुसरी सोडली.

युरियात नत्र आहे, जिवाणूंचं खाद्य म्हणजे कर्ब रानात टिकंल एवढा नाही. कर्ब घटला की माती घट्ट होते, पाणी धरत नाही. नत्राचं नायट्रेट झालं की ते पाटपाण्याबरोबर खाली निघून जातं. मग पीक पिवळं दिसतं, आणि आपण अजून एक पोतं टाकतो.

शिरोळकडच्या क्षारपड रानांचं खापर मात्र एकट्या खतावर फोडू नका. तिथं जादा पाणी आणि निचऱ्याचा अभाव ही मोठी कारणं.

खत वाईट नाही. त्याला शेणखताच्या जागी बसवलं, ही चूक आमची. औंदा पाचट पेटवलं नाही, सरीत कुजवतोय. लागणीआधी ताग गाडणार. वडलांसारखं ढेकूळ चिमटीत फुटायला किती वर्षं लागतील ते बघू.

तुमच्या माती तपासणीत सेंद्रिय कर्ब किती आला? खाली लिहा.