ग्रहण, विळी आणि पोटाची भिंत

अंबड म्हटलं की नाशिककरांना एमआयडीसी आठवते. दिवसभर मशीनवर मायक्रॉनचा हिशोब ठेवणारी माणसं इथे राहतात. पण घरात कुणी गरोदर असेल, तर ग्रहणाच्या दिवशी विळी-सुरीला हात लावायचा नाही, हा नियम आमच्याकडे आजही पाळला जातो. पाळू देत. माझं भांडण त्यापुढच्या प्रश्नाशी आहे. बाळात व्यंग निघालं की आईलाच विचारतात, "ग्रहणात काय चिरलं होतंस गं?"

काही बाळं आतडी पोटाबाहेर घेऊन जन्मतात. त्यात दोन प्रकार असतात. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यांचीच आतडी नाळेत उतरतात आणि बाराव्यापर्यंत परत पोटात जातात. ती परतली नाहीत की बेंबीच्या जागी पातळ पडद्याची पिशवी राहते. हा ऑम्फॅलोसील. त्याच्यासोबत हृदयाचे दोषही पुष्कळदा असतात. दुसरा गॅस्ट्रोस्कायसिस. यात भोक बहुधा बेंबीच्या उजवीकडे असतं आणि आतडी अगदी उघडी, पडद्याविना. यातलं काहीही विळीमुळे होत नाही.

आईला दोष देणारे आपणच नव्हे बरं का! ऑम्फॅलोसीलच्या पहिल्या वर्णनांत ज्याचं नाव घेतात, त्या फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाज पारेने १५७३ च्या ग्रंथात व्यंगाच्या कारणांमध्ये देवाचा कोप, आईच्या मनातल्या कल्पना आणि तिची बसण्याची पद्धतही धरली होती.

उपचार मात्र फार उशिरा आले. पोट लहान, आतडी सुजलेली. जबरदस्तीने कोंबली तर श्वास अडतो. १९४८ मध्ये बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉसने आधी नुसती कातडी शिवून स्नायू नंतर जोडायची रीत मांडली. १९६७ मध्ये शुस्टरने कृत्रिम कापडाचं तात्पुरतं आच्छादन शिवून आतडी थोडी थोडी आत ढकलली. त्यातूनच पुढे 'सायलो' आला. सायलो म्हणजे धान्याची कोठी, आपली कणगीच म्हणा ना. १९६८ मध्ये शिरेतून पूर्ण पोषण देऊन बाळ वाढवता येतं हे फिलाडेल्फियात सिद्ध झालं, आणि आतडी काम करू लागेपर्यंत वाट पाहणं शक्य झालं.

आपल्याकडे परळचं वाडिया बालरुग्णालय १९२९ पासूनचं, बालशल्यविशारदांची भारतीय संघटना १९६५ ची. महागडा सायलो नसला तर निर्जंतुक लघवीच्या पिशवीचा सायलो करणारे डॉक्टर आपल्या देशात आहेत. याला मी खरं कसब म्हणतो.

तरीही २०२१ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला जागतिक अभ्यास अस्वस्थ करतो. गॅस्ट्रोस्कायसिसची श्रीमंत देशांत शंभरातली एक-दोन बाळं दगावली, मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे बत्तीस. आजार तोच, मग फरक कशाचा? वेळेवर निदान, उघडी आतडी स्वच्छ प्लास्टिकमध्ये झाकणं, बाळाला ऊब, सलाईन, आणि त्वरित योग्य रुग्णालय.

चौथ्या-पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत हे दोष बहुधा दिसतात. दिसले, तर बाळंतपण कुठे करायचं हे आधी ठरवता येतं. नाहीतर ओल्या बाळाला घेऊन घाट उतरायची वेळ येते. म्हणून घरातल्या मोठ्यांनी प्रश्न जरूर विचारावा, फक्त थोडा बदलून: "सोनोग्राफी झाली का गं? डॉक्टर काय म्हणाले?" तिला दोषी न ठरवता बाळाच्या कामी येईल असा प्रश्न हाच.