रविवार, सकाळी दहा

रविवार, २५ ऑगस्ट २०२४. सकाळी १० ते १२ पहिला पेपर, दुपारी ३ ते ५ दुसरा. महाराष्ट्र राजपत्रित नागरी सेवा संयुक्त पूर्वपरीक्षा, म्हणजे पोरांच्या तोंडी 'राज्यसेवा'. त्या दिवशी हा पेपर झाला नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो होणार नाही हे कधीपासून दिसत होतं, ते पाहायला थोडं मागं जावं लागतं.

२९ डिसेंबर २०२३. २५ ऑगस्टला उरले २४० दिवस

एमपीएससीची, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची, जाहिरात निघाली. पदं २७४. पूर्वपरीक्षा २८ एप्रिल २०२४, रविवार. जाहिरातीपासून परीक्षेपर्यंत १२१ दिवस. नंदुरबारच्या अभ्यासिकांमध्ये भिंतीवर वेळापत्रकं लागली ती या तारखेवरून.

जानेवारी २०२४. उरले सात महिने

आयबीपीएसनं वर्षभराचं वेळापत्रक जाहीर केलं. सरकारी बँकांची भरती घेणारी ही संस्था दर वर्षी जानेवारीतच तारखा सांगून मोकळी होते. लिपिक पदाची पूर्वपरीक्षा : २४, २५ आणि ३१ ऑगस्ट.

तेव्हा टक्कर नव्हती. एमपीएससीची तारीख एप्रिलची होती.

फेब्रुवारी ते जून. उरले सहा महिने, मग दोन

२० फेब्रुवारीला विधिमंडळानं मराठा समाजाला दहा टक्के आरक्षण देणारं विधेयक मंजूर केलं. पदांची विभागणी नव्यानं करणं आलं. मार्चमध्ये २८ एप्रिलची परीक्षा पुढं गेली. मे महिन्यात पदं २७४ वरून ५२४ झाली आणि नवी तारीख आली, ६ जुलै. मग ६ जुलैची २१ जुलै झाली.

पदं वाढली म्हणून कोणी फारशी तक्रार केली नाही. काही महिन्यांचं खोलीभाडं आणखी, मेसचे पैसे आणखी, एवढंच.

१ जुलै. उरले ५५ दिवस

आयबीपीएसची लिपिक भरतीची जाहिरात आली. देशभरात ६,१२८ पदं. तारखा जानेवारीत सांगितलेल्याच. राज्यसेवेची तयारी करणारा मुलगा हा अर्ज बहुतेक वेळा भरतोच. राज्यसेवा लागेल तेव्हा लागेल, घरी काहीतरी सांगायला हवं असतं. त्यात गणित आणि बुद्धिमापनाचा सराव दोन्हीकडे चालतो.

जुलै. उरले सहा-सात आठवडे

एमपीएससीनं २१ जुलैची परीक्षाही पुढं ढकलली. नवी तारीख : २५ ऑगस्ट.

टक्कर झाली ती इथं. आयबीपीएसचं वेळापत्रक तोवर सहा महिने जाहीर होतं आणि जाहिरातही निघालेली होती. दोन्ही कागद कुणालाही मोबाईलवर उघडता येत होते. तारीख ठरवण्याआधी ते शेजारी ठेवून पाहायला दहा मिनिटं पुरली असती.

आयबीपीएसचे अर्ज २८ जुलैपर्यंत भरले जात होते. ज्यांना तारीख दिसत होती त्यांनीही भरले. तारीख बदलेल असं गृहीत धरून भरले. तोवर तीनदा बदललीच होती.

ऑगस्टचा पहिला पंधरवडा. उरले दोन-तीन आठवडे

इथं थोडं थांबायला हवं, कारण 'तारीख बदलून मागायची' म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न इथंच येतो.

शेवटच्या वर्षाला असलेल्या पोराची एखाद्या कंपनीत मुलाखत असते आणि त्याच दिवशी विद्यापीठाचा पेपर लागतो. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखाली जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे येतात; तिथल्या पोरांना हे नवं नाही. वेळापत्रक लागल्या दिवशीच तो कंपनीला चार ओळींचा मेल करतो, हॉल तिकिटाचा फोटो जोडतो, आपणच दोन पर्यायी दिवस सुचवतो. बऱ्याचदा दुसरी वेळ मिळते. समोर एक माणूस असतो आणि त्याला एकाच उमेदवाराची वेळ हलवायची असते.

इथं समोर माणूस नव्हता. आयबीपीएसच्या सूचनांमध्ये छापलेलंच असतं की केंद्र, तारीख किंवा सत्र बदलून मिळण्याच्या विनंतीचा विचार होणार नाही. एमपीएससीची पूर्वपरीक्षा तर सगळ्या राज्यात एकाच दिवशी, एकाच प्रश्नपत्रिकेवर. एकट्यादुकट्यानं विनंती करण्याचे दोन्ही रस्ते बंद. हलायची तर सगळ्यांची तारीख हलणार, नाहीतर कुणाचीच नाही.

कॉल लेटर. उरले थोडे दिवस

आयबीपीएसची परीक्षा संगणकावर. १०० प्रश्न, ६० मिनिटं, दिवसात अनेक सत्रं. कुणाला २४ तारीख, कुणाला २५, कुणाला ३१. ज्याला २५ आली त्याचं गणित सरळ होतं : एक परीक्षा सोडायची.

२४ आली तो सुटला, असं पुण्यात बसून वाटतं. नंदुरबारहून तसं दिसत नाही. राज्यसेवेचं केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी मिळू शकतं. बँकेच्या परीक्षेला धुळे, जळगाव, नाशिक गाठावं लागतं. शनिवारी संध्याकाळी नाशिकला पेपर संपवायचा, रात्रीची एसटी धरायची, पहाटे नंदुरबार स्टँडवर उतरायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि पेपरच्या बऱ्याच आधी केंद्राच्या फाटकाशी उभं राहायचं. पाठीवरच्या एकाच सॅकमध्ये दोन परीक्षांची दोन प्रवेशपत्रं, आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स, दोन फोटो, काळं पेन.

धडगावचा मुलगा असेल तर त्याला याआधीचा एक दिवस धरावा लागतो. तिथून खाली उतरायचा चांदसैली घाट पावसाळ्यात भरवशाचा नाही. दरड आली की मोलगी-अक्कलकुव्याकडून किंवा शहाद्याकडून लांबचा फेरा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या जिल्ह्यातले शंभरातले जवळपास ६९ लोक आदिवासी आहेत. परीक्षेच्या तारखा ठरवताना मुंबईत कुणाच्या डोळ्यांपुढं हा घाट येत असेल असं मला वाटत नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार, रात्र. उरले साधारण १०८ तास

पुण्यात नवी पेठेजवळ शास्त्री रस्त्यावर विद्यार्थी बसले. मागण्या दोन : २५ तारखेची परीक्षा पुढं ढकला आणि कृषी सेवेच्या २५८ पदांचा या परीक्षेत समावेश करा. रात्रभर रस्ता सोडला नाही.

नंदुरबारहून पुणं चारशे किलोमीटरच्या वर आहे. इथला मुलगा ते मोबाईलवर पाहत होता. पुढ्यात पुस्तक उघडं होतं, कारण ढकलली नाही तर रविवारी पेपर होता.

२१ ऑगस्ट, बुधवार, सकाळी १०. उरले ९६ तास

दिवसभर आंदोलन चालू. शरद पवारांनी सरकारला मुदत दिली : उद्यापर्यंत भूमिका घेतली नाही तर मी स्वतः विद्यार्थ्यांबरोबर बसेन. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचं आयोगाचे अध्यक्ष रजनीश सेठ यांच्याशी बोलणं झालं.

त्याच दिवशी बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या निषेधार्थ विरोधी महाविकास आघाडीनं शनिवारी, २४ ऑगस्टला, महाराष्ट्र बंदची हाक दिली. म्हणजे ज्याची बँकेची परीक्षा २४ ला होती, त्याला आता तारखेबरोबर गाडीचीही चिंता.

२२ ऑगस्ट, गुरुवार, सकाळी १०. उरले ७२ तास

आयोगाची बैठक झाली आणि त्याच दिवशी निर्णय आला. २५ ऑगस्टची पूर्वपरीक्षा पुढं ढकलली आहे. नवी तारीख लवकरच कळवू.

शास्त्री रस्त्यावर जल्लोष झाला. तो खोटा नव्हता. पण ज्यांनी आयबीपीएसचा अर्ज भरलाच नव्हता, ज्यांची उजळणी रविवार धरून संपत आली होती, त्यांच्याही हातातली तारीख गेली होती, आणि तेही उमेदवारच होते. धडगावहून आदल्या दिवशीच खाली उतरायचं ठरवून बसलेल्याचा बेत आता कोरा. 'लवकरच' या शब्दावर खोलीमालक भाडं थांबवत नाही.

२३ ऑगस्ट, शुक्रवार, सकाळी १०. उरले ४८ तास

मुंबई उच्च न्यायालयानं राजकीय पक्षांना बंद करण्यास मनाई केली. महाविकास आघाडीनं बंद मागं घेतला. शनिवारच्या परीक्षेला निघालेल्यांना संध्याकाळी कळलं की गाड्या चालू राहतील.

२४ ऑगस्ट, शनिवार, सकाळी १०. उरले २४ तास

बँकेच्या परीक्षेचा पहिला दिवस. राज्यसेवा नसल्यानं आता रात्रीची एसटी धरायची घाई नव्हती.

ज्याला ३१ ऑगस्टची तारीख होती, त्याची तर टक्कर मुळात नव्हतीच. त्याची राज्यसेवाही गेली.

२५ ऑगस्ट, रविवार, सकाळी १०

राज्यसेवेचा पेपर नाही. जळगावात त्या दिवशी लखपती दीदी संमेलन होतं, पंतप्रधान येणार होते. जळगाव केंद्र मिळालेले नंदुरबारचे उमेदवार दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत त्याच शहरात बँकेचा पेपर द्यायला उतरणार होते. त्यांचे पेपर ठरल्याप्रमाणे. आयबीपीएसनं जानेवारीत दिलेली तारीख एका दिवसानंही हलली नव्हती.

१ डिसेंबर, रविवार

राज्यसेवेची पूर्वपरीक्षा अखेर झाली. २५ ऑगस्टनंतर ९८ दिवसांनी, पहिल्या तारखेनंतर २१७ दिवसांनी. मधल्या काळात राज्यात निवडणूक होऊन निकालही लागले.

त्याच रविवारी दुपारी २ ते ४ देशभर विधी प्रवेशाची क्लॅट परीक्षा होती. राज्यसेवेचा दुसरा पेपर दुपारी ३ ते ५ चा. क्लॅटचे अर्ज जुलैपासूनच सुरू होते, आणि त्यावर १ डिसेंबर ही तारीख छापलेली होती.