नाव नसलेला परीक्षक

पेपरवर परीक्षकाचे खरमरीत शेरे आले की आपण वैतागतो ना? आइन्स्टाइनही वैतागले होते. १९३६ साली त्यांनी आणि रोझेन यांनी गुरुत्वीय लहरी नसतातच, असा दावा करणारा पेपर ‘फिजिकल रिव्ह्यू’ला पाठवला. अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या या नियतकालिकाच्या संपादकांनी तो परीक्षकाकडे धाडला. परीक्षकाने दहा पानी टिपण लिहून चूक दाखवली. मानधन नाही, नाव नाही. छापण्याआधी पेपर दुसऱ्याला दाखवलाच कसा, म्हणत आइन्स्टाइननी तो मागे घेतला.

पुढे प्रिन्स्टनमध्ये हॉवर्ड रॉबर्टसन यांनी आइन्स्टाइनचे सहायक इन्फेल्ड यांना गप्पांच्या ओघात तीच चूक समजावली. १९३७ साली पेपर दुसरीकडे छापून आला, तो निष्कर्ष बदलूनच.

रॉबर्टसन १९६१ साली वारले. ‘तो’ परीक्षक म्हणजे तेच, हे २००५ साली नियतकालिकाच्या जुन्या नोंदवहीवरून जाहीर झालं. तेही एका इतिहासकाराने ती वही उघडून घेतली म्हणून!

सोसायटीने उत्कृष्ट परीक्षकांचा सन्मान सुरू केला २००८ साली. पहिल्याच वर्षी पाचशेहून अधिक नावं. फार उशीर झाला, असं माझं मत. पण तोडगा चांगला आहे: नाव जाहीर होतं, कुणाचा पेपर तपासला ते गुप्तच राहतं.