सोयरीक आणि संहिता

सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्प्स पर्वताच्या उत्तरेस बव्हेरियन आणि दक्षिणेस, इटलीत, लोंबार्ड हे दोन जर्मानिक समाज एकमेकांचे शेजारी होते. दोघांनाही पश्चिमेकडील बलाढ्य फ्रँकांचा धाक होता. त्यामुळे शेजाऱ्याला आपल्या बाजूस ठेवणे ही दोघांचीही निकड होती. त्या काळी कायमचा वकील किंवा दूतावास ही कल्पना नव्हती. ते काम सोयरीक करीत असे.

बव्हेरियाचा ड्यूक गारिबाल्ड याने लोंबार्ड राजकन्येशी विवाह केला होता. त्यांची कन्या थिओडेलिंडा ५८९ साली लोंबार्ड राजा ऑथारी याची राणी झाली. तिच्यामागोमाग तिचा भाऊ गुंडोआल्ड इटलीत येऊन आस्तीचा ड्यूक झाला. त्याचा पुत्र आरिपेर्ट ६५३ साली थेट लोंबार्डांच्या सिंहासनावर बसला. माहेरची माणसे अशी सासरच्या गादीपर्यंत पोहोचली.

परंतु नात्याच्या बळावर उभी राहिलेली व्यवस्था नात्यातील कलहानेच ढासळते. आरिपेर्टनंतर ६६१ साली त्याच्या दोन पुत्रांनी राज्य वाटून घेतले, ते आपसांत भांडले आणि वर्षभरातच तिसऱ्याने, बेनेव्हेंतोच्या ग्रिमोआल्डने, गादी बळकावली. पुढे शेवटचा लोंबार्ड राजा डेसिडेरियस याने आपली कन्या बव्हेरियाच्या टासिलोला दिली. फ्रँकांचा राजा शार्लमेन याने ७७४ साली सासऱ्याचे आणि ७८८ साली जावयाचे राज्य खालसा केले. दोघांनाही एकमेकांचा उपयोग झाला नाही.

मग टिकले काय? ६४३ साली रोथारी राजाने लोंबार्डांच्या रूढी लॅटिनमध्ये लेखनिविष्ट केल्या होत्या. इजा झाल्यास द्यावयाची भरपाई त्याने पूर्वजांच्या काळापेक्षा वाढविली. ती स्वीकारल्यावर पिढीजात वैर संपावे, हा हेतू त्याने कायद्यातच नमूद केला. राजघराणे लयास गेल्यानंतरही पाव्हिया येथे अकराव्या शतकात या कायद्याचे अध्ययन चालू होते.

आल्प्सच्या दोन्ही बाजूंची सोयरीक मात्र थांबली नाही. १०५५ साली वेल्फ घराण्यातील तिसरा वेल्फ निपुत्रिक वारला. तेव्हा त्याच्या आईने इटलीतील एस्ते घराण्यात दिलेल्या कन्येचा पुत्र बोलावून घेतला. तोच १०७० साली बव्हेरियाचा ड्यूक झाला. याच वंशाच्या हॅनोव्हर शाखेला १७१४ साली ब्रिटनचे सिंहासन मिळाले. १८५८ मध्ये जिच्या नावाने हिंदुस्थानचा कारभार सुरू झाला, ती राणी व्हिक्टोरिया याच शाखेची.

आपल्या कचेऱ्यांशी त्या वंशाचा संबंध एवढाच. त्याच राणीच्या कारकिर्दीत, १८६० साली, झालेली दंडसंहिता मात्र राजसत्ता गेल्यावरही जिल्ह्याजिल्ह्यांत चालू राहिली आणि ३० जून २०२४ रोजी तिची मुदत संपली. अधिकाऱ्याची बदली होते, घराणी अस्तास जातात. लेखी नियम मागे उरतो, आणि तो न्याय्य असेल की जाचक, हे लिहिणाऱ्याच्या त्या दिवशीच्या विवेकावर ठरते.