खिशांतील यंत्र आणि त्याचा पहारेकरी

कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मोडनिंब हें स्टेशन लागतें. माढा तालुक्यांतील या गांवीं शेतकऱ्याच्या खिशांत आज जो स्मार्टफोन असतो, त्यांतच बहुधा त्याचें बँकेचें खातेंहि असतें. तेव्हां या यंत्रास ‘अँटिव्हायरस’ हवा कीं नको, हा प्रश्न शहरी हौसेचा राहिलेला नाहीं. विकलेल्या मालाचे पैसे घरांत टिकतात कीं नाहीं, याचा तो प्रश्न आहे.

अँटिव्हायरसची संवय संगणकानें लावली, आणि महाराष्ट्रांत तिचें मूळ पुण्यांत सांपडतें. कैलास काटकर यांचें तेथें गणकयंत्रें दुरुस्त करण्याचें दुकान होतें. पुढें संगणकहि दुरुस्तीस येऊं लागले. त्यांचे बंधु संजय यांनीं विषाणूंवर उतारा म्हणून जी आज्ञावली रचली, ती १९९५ च्या सुमारास बाजारांत आली. ‘क्विक हील’ ती हीच. तो काळ फ्लॉपीचा. त्या वेळच्या घरगुती संगणकांत शिरलेली आज्ञावली वाटेल त्या दप्तरास हात लावूं शके. अशा सताड उघड्या वाड्यास पहारेकरी हवाच होता.

फोनची रचना निराळी. अँड्रॉइडमध्यें प्रत्येक ॲपला स्वतंत्र बंद खोली मिळते; शेजारीं डोकावण्यास परवानगी लागते. अँटिव्हायरसदेखील अशाच एका खोलींतला भाडेकरू! आंत आलेल्या ॲपची बाह्य तपासणी तो करील. परंतु तें ॲप आपल्या खोलींत काय करीत आहे, हें त्यास दिसत नाहीं.

मग चोर शिरतो कसा? २००४ सालीं ‘कॅबिर’ हा फोनांतील पहिला प्रसिद्ध विषाणु ब्लूटूथवरून पसरला. तोहि आंत येण्यापूर्वीं मालकाची संमति विचारीत असे, आणि लोक ती देत! अधिकृत बाजारहि अगदींच निर्धोक नव्हता. मार्च २०११ मध्यें गूगलच्याच दुकानांत ‘ड्रॉइडड्रीम’नें बाधित अशीं पन्नासांहून अधिक ॲप्स सांपडलीं. पुढील वर्षीं तेथें आपोआप तपासणी होत असल्याचें गूगलनें जाहीर केलें, आणि २०१७ पासून ‘प्ले प्रोटेक्ट’ हा पहारा फोनांतच बसविला गेला.

पहारेकरी म्हणविणाऱ्यांची कथा मात्र मौजेची आहे. २०१४ सालीं ‘व्हायरस शील्ड’ नांवाचें ॲप सुमारें चार डॉलरांस दहा हजारांहून अधिक लोकांनीं घेतलें. त्याचें कार्य एवढेंच, कीं ढालीवरील फुलीच्या जागीं बरोबरची खूण उमटावी! २०१९ सालीं ऑस्ट्रियांतील एका प्रयोगशाळेनें अडीचशें ॲप्स पारखलीं. दुष्ट ॲप्सपैकीं शेंकडा तीस तरी ओळखणारीं अवघीं ऐशीं निघालीं.

हल्लींचा धोका दुकानाबाहेरच्या वाटेनें येतो. नोव्हेंबर २०२४ मध्यें हिमाचल प्रदेशच्या पोलिसांनीं लग्नपत्रिकेच्या नांवानें व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ‘एपीके’विषयीं इशारा दिला. खरी पत्रिका चित्र म्हणून येते. ती फोनांत ‘इन्स्टॉल’ करावी लागत नाहीं. असें ॲप संदेश वाचण्याची परवानगी मागतें, आणि ती मिळतांच बँकेचा ओटीपी परस्पर चोराच्या हातीं पडतो. अनोळखी ठिकाणाहून ॲप घेण्याची मुभा फोनच्या सेटिंगमध्यें बंद ठेवतां येते. चूक घडलीच, तर प्रथम फोनचें इंटरनेट तोडावें, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेस व १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावें.