वाचूनच उघडलं होतं!

जानेवारी २००२. पुण्यातल्या एका ऑफिसात मी नुकताच चिकटलो होतो. सॉफ्टवेअरवाला म्हटलं की अडकलेला प्रिंटरही त्यानेच बघायचा, असा तो काळ. एक दिवस अकाउंट्समधल्या मॅडमनी हाक मारली. पार्टीचे फोटो आहेत असा मेल आला, त्यांनी अटॅचमेंट उघडली आणि निघाला व्हायरस! मी लगेच अक्कल शिकवली, "मॅडम, वाचून तरी उघडायचं ना!"

"वाचूनच उघडलं रे. याहू डॉट कॉम लिहिलं होतं की!"

मी हसलो होतो. आज वाटतं, त्यांचं बरोबर होतं.

अटॅचमेंटचं नाव होतं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू डॉट मायपार्टी डॉट याहू डॉट कॉम. दिसायला साइटचा पत्ता, पण विंडोजच्या लेखी शेवटी 'कॉम' असलेली फाइल म्हणजे प्रोग्राम. क्लिक केलं की तो सुरू व्हायचा आणि ॲड्रेसबुकातल्या लोकांना स्वतःच्या प्रती पाठवायचा.

मग ही दोन 'कॉम' आली कुठून? पहिलं 'कमांड'मधलं. १९७० च्या दशकात गॅरी किल्डॉलने लिहिलेल्या सीपी/एममध्ये ते होतं, तिथून १९८१ साली डॉसमध्ये आलं. दुसरं 'कमर्शियल'मधलं. डोमेननावांच्या या शेपट्या ऑक्टोबर १९८४ मध्ये ठरल्या आणि १५ मार्च १९८५ ला सिम्बॉलिक्स डॉट कॉम हे पहिलं डॉट कॉम नोंदलं गेलं. तेव्हा डॉसचे पीसी एकीकडे, नेटवर्कवरची मोठी यंत्रं दुसरीकडे. गावात दोन जोशी असले तरी आळ्या वेगळ्या असल्या की पोस्टमन चुकत नाही. पुढे घरोघरी ईमेल आलं आणि दोन्ही जोशी एकाच वाड्यात राहायला आले!

यातून आपण काही शिकलो का? मे २०२३ मध्ये गूगलने डॉट झिप हे डोमेन सगळ्यांना खुलं केलं. झिप फाइल तर १९८९ पासूनची, फिल कॅट्झची. टीका झाल्यावर गूगलने म्हटलं की हा गोंधळ काही नवा नाही. कमांड डॉट कॉम ही डॉसची फाइल आहे आणि थ्रीएम कंपनीची साइटसुद्धा. मुद्दा खरा आहे. पण १९८५ साली नावं अजाणता जुळली, २०२३ मध्ये डोळ्यांदेखत.

शिवाय आता मेल आणि चॅटची बरीच ॲप्स डोमेनसारखं काही दिसलं की आपणहून त्याची लिंक करतात. मित्राने साधं लिहिलं, "फोटो डॉट झिप जोडली आहे." ते डोमेन कुणी लबाडाने घेऊन ठेवलं असेल, तर लिंक त्याच्या दारात नेणार आणि तिथे एक झिप फाइल तयारच असणार. मित्र खरा, मेल खरा, लिंक तेवढी तिऱ्हाइताची. आता वाचून काय कळणार, सांगा!

प्रोग्रॅमर मंडळींनो, हसू नका. आपली रोजची रीडमी डॉट एमडी घ्या. एमडी हे मोल्दोव्हाचं डोमेन आहे.

तेव्हा जोडलेली फाइल अटॅचमेंटमधूनच उघडा, मजकुरातल्या निळ्या नावावरून नको. आणि कुणी फसलंच, तर आधी त्या नावाकडे बघा, मग माणसाला बोला. त्या मॅडमना सॉरी म्हणायचं माझं राहूनच गेलं. असो.